जत तालुक्यातला अडीच वर्षांचा मुलगा: बोलणं आणि ऑटिझमच्या तपासणीची तयारी

मुलगा २८ महिन्यांचा. जत तालुक्याच्या पूर्व अंगाचं गाव, कर्नाटकाची हद्द जवळ. नाव-गाव मुद्दाम देत नाही. वडिलांची डाळिंबाची बाग. आई दहावी शिकलेली, माहेर विजयपूरकडचं, त्यामुळे तिची बोली कानडी. घरात सासू-सासरे, दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्या फेरीत डॉक्टरांनी याला पाहिलं आणि सांगलीच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे सगळे ज्याला डीईआयसी म्हणतात त्याची, चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: बोलणं वयाच्या मानाने कमी, नजरेला नजर कमी; कान, वाचा आणि ऑटिझमची (स्वमग्नतेची) तपासणी व्हावी. तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली.

ही मंडळी माझ्याकडे आली ती त्या तारखेची तयारी करायला नव्हे. मी तालुक्याच्या गावी स्पीच थेरपिस्ट आहे, तेव्हा जिभेचा व्यायाम शिकून घ्यावा आणि जमलं तर सांगलीची खेप वाचवावी, असा हिशेब होता. प्रत्येकाकडे आपापलं कारण तयार होतं. आजी म्हणाल्या, "त्याचा बा बी चार वरसाचा हुईस्तवर बोलला न्हवता. आता बघा, गप बसत न्हाई." जावेच्या मते मोबाइल. शेजारच्या कुणीतरी जीभ खाली चिकटल्याचं सांगितलेलं. आणखी कुणी म्हणालं होतं की घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालतं म्हणून पोरगं गोंधळलंय. त्या दिवसापासून आईने त्याच्याशी कानडी बोलणं सोडलं होतं. वेखंड मधात उगाळून चाटवणं सुरूच होतं.

वेखंड बंद करायला सांगितलं. जिभेचं तिथेच दाखवलं. जिभेखालचा पडदा आखूड असेल तर बाळाला अंगावर पिताना त्रास होतो, पुढे काही उच्चार अस्पष्ट येतात. पण ज्याची अडचण फक्त जिभेची आहे ते मूल बोट दाखवतं, मान हलवतं, ओढून नेऊन तुमच्या तोंडाकडे बघतं, हट्ट करतं आणि आपलं म्हणणं पोचलं का ते पाहतं. हा मुलगा ओठावरची साखर जिभेने व्यवस्थित चाटत होता आणि चाटताना खोलीतल्या चौघांपैकी एकाकडेही बघत नव्हता. व्यायाम शिकवला नाही. पाच आठवडे कशासाठी वापरायचे ते सांगितलं.

आधी भरलेला फॉर्म

चिठ्ठीसोबत एम-चॅटचा फॉर्म जोडलेला होता. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीची ही २० प्रश्नांची प्रश्नावली, पालकांनी 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. ० ते २ गुण म्हणजे जोखीम कमी, ३ ते ७ मध्यम, ८ आणि त्यापुढे जास्त. याचे गुण होते २. म्हणजे कागदानुसार काळजीचं कारण नाही. डॉक्टरांनी तरीही चिठ्ठी दिली, आणि तेच बरोबर होतं. गुण कमी आले तरी मूल बघून शंका येत असेल तर पुढे पाठवायचं असतं.

हे दोन गुण आले कसे, ते आईला विचारलं. अंगणवाडीच्या दारात गर्दी, मूल कडेवर, कुणीतरी भराभर वाचून दाखवतंय आणि ही भराभर उत्तर देतेय. "काही हवं असलं तर बोट दाखवून मागतो का?" "हो, मागतो की." कसं मागतो ते मी करून दाखवायला सांगितलं. तिने माझं मनगट धरलं, मला फळीपाशी नेलं आणि माझा हात वर ढकलला. बोट कुठेच नव्हतं. तिच्या लेखी मागितलं म्हणजे मागितलं, आणि घरच्या व्यवहारात ते खरंही आहे. तपासणाऱ्याच्या लेखी मात्र इथेच मोठा फरक आहे. बोट दाखवणारं मूल वस्तूकडे आणि माणसाकडे आळीपाळीने बघतं. मनगट धरून नेणाऱ्याला माणसाचा फक्त हात लागतो. त्याहीपुढचा प्रश्न असतो, नुसतं गंमत म्हणून काही दाखवायला बोट करतो का. आकाशातलं विमान, दारातलं वासरू, असं काही. त्यावर आई बराच वेळ गप्प राहिली.

"नावाला ओ देतो का?" यालाही 'हो' होतं. पण नाव कुठलं? आजीसाठी तो सोन्या, आजोबांसाठी राजा, आईसाठी पुट्टा, चुलतभावांसाठी पिल्लू, बापासाठी बाबू. कागदावरच्या नावाने त्याला घरात कुणीच हाक मारत नव्हतं. आणि हाकेबरोबर बहुतेक वेळा हातात बिस्कीट असायचं. पुढच्या पाच आठवड्यांसाठी घरात एकच नाव ठरवायला सांगितलं. ठरवताना बरीच चर्चा झाली असणार, कारण आजी पुढच्या वेळी जरा घुश्शातच होत्या. ठरलं 'पिल्लू', पोरांच्या बाजूने.

या प्रश्नावलीत तीन प्रश्न उलटे आहेत: मूल बहिरं असावं असं कधी वाटलं का, डोळ्यांजवळ बोटं विचित्र हलवतो का, रोजच्या आवाजांनी त्रासतो का. इथे 'हो' म्हणजे जोखीम. सगळ्याला मान डोलावणाऱ्या आईची उत्तरं म्हणूनच अशी गमतीदार मिसळतात. याच्या फॉर्मवरचे दोन्ही गुण उलट्या प्रश्नांचे होते: बहिरेपणाची शंका, आणि मिक्सर लागला की कानावर हात. म्हणजे ज्या दोन ठिकाणी तिने खरं सांगितलं, तेवढेच गुण.

माझं ठाम मत आहे की या वयाच्या मुलाच्या पालकांना 'करतो का?' असं विचारूच नये. 'शेवटचं कधी केलं, कुठे, कसं?' असं विचारावं. मध्यम गुण आले तर एम-चॅटच्या दुसऱ्या टप्प्यात अशाच उदाहरणांवरून मुलाखत घेतात. मी ती पद्धत गुण न बघता वापरते.

वही

शंभर पानी वही घ्यायला सांगितली, पण रोजनिशी लिहायची नव्हती. दिवसातून दोन-तीन नोंदी पुरे. आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. "हट्टी आहे", "हुशार आहे", "मूडमध्ये नव्हता" असलं काही लिहायचं नाही, जे दिसलं तेवढंच. आजी सांगायच्या, आई लिहायची. सासू-सुनेचं यावर एकमत होणार नाही हे गृहीत होतं, म्हणून दोघींचं वेगळं पडलं तर दोन्ही लिहा असं सांगून ठेवलं.

पहिल्या आठवड्यातल्या दोन नोंदी अशा:

"दारात ट्रॅक्टर आला. पळत गेला. चाकाजवळ बसून बघत राहिला. मी ट्रॅक्टर ट्रॅक्टर म्हटलं, वळला नाही. पोरं सीटवर चढली, त्यांच्याकडं पण बघितलं नाही."

"डब्याचं झाकण फिरवत होता. मी काढून घेतलं तर रडला. परत दिलं तर गप्प. माझ्याकडं बघितलं नाही. आत्त्या म्हणतात बघितलं."

या भागात सुना सासूला आत्त्या म्हणतात. इथे तर त्या सख्ख्या आत्याच. आई-वडील मामे-आतेभावंडं. सीमाभागात हे नवं नाही. डॉक्टर घराण्याचा इतिहास विचारताना हे विचारतात, ते दोष काढायला नव्हे, हे आधीच सांगून ठेवलं. नाहीतर ऐनवेळी 'लांबचं नातं' असं उत्तर येतं.

वहीचं शेवटचं पान शब्दांसाठी. स्वतःहून आणि अर्थाने म्हणतो ते शब्द एका बाजूला, ऐकलेलं तसंच परत म्हणतो ते दुसऱ्या बाजूला, आणि पूर्वी म्हणायचा पण आता म्हणत नाही ते खाली. आईने पहिल्यांदा आणलं तेव्हा पहिल्या रकान्यात दोन शब्द, दुसऱ्यात बरंच काही आणि तिसरा रिकामा. दुसऱ्या रकान्यात आजींच्या आग्रहाने संध्याकाळची आरती होती. "अख्खी म्हनतो की, मग बोलत न्हाई कसं म्हनता?" म्हणतो खरं, सुरासकट. पण ती आरतीच्या वेळी नाही, झाकण फिरवताना म्हणतो, आणि तिच्यातला एकही शब्द काही मागायला वापरत नाही. हे लिहिण्यासारखंच होतं. बोलता येणं आणि बोलून काही साधणं यांतला फरक तज्ज्ञाला त्यातूनच कळतो.

तिसऱ्या रकान्याबद्दल मी आईला विचारलं, कानडीत काही म्हणायचा का? ती म्हणाली, ते धरायचं होतं का? मग निघालं. दीड वर्षाच्या आसपास तो पाण्याला 'नीरू' म्हणायचा, तिला 'अव्वा', हाताने बोलावून 'बा'. मराठीत 'आजी' आणि कुत्र्याला 'भू'. पाचही शब्द हळूहळू बंद झाले. मराठी शब्द दोनच असल्यामुळे ते गेल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि कानडी शब्द कुणी मोजलेच नव्हते. दोन भाषांच्या घरात मुलाचे शब्द दोन्ही भाषा मिळून मोजायचे असतात. आलेले शब्द जाणं ही कुठल्याही वयात तातडीने दाखवायची गोष्ट आहे. चिठ्ठीवर तिचा उल्लेख नव्हता, कारण डॉक्टरांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या मते पाच आठवड्यांतली सगळ्यात मोलाची नोंद हीच.

मोबाइलचे तासही लिहायला लावले. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेच्या २०२१ च्या सूचना स्पष्ट आहेत: दोन वर्षांखाली स्क्रीन नाही, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांसोबत. इथे चार तासांच्या आसपास चाललं होतं. मोबाइलने ऑटिझम होत नाही, पण तेवढे तास समोरासमोरचं बोलणं बुडतं. अपराधीपणाने पालक तास कमी करून सांगतात, मग तपासणाऱ्याला चित्र उलगडत नाही. तास कमी करा, पण आधी किती होते ते लिहून ठेवा, असं सांगितलं.

चित्रफिती

आईने पाठवलेल्या पहिल्या चारही व्हिडिओत एकच चाललेलं: "पिल्लू, इकडं बघ. काका म्हण. काका म्हण ना." चॉकलेट दाखवून त्याला 'काका' शिकवलंही होतं. वडिलांना वाटायचं, तिथे जाऊन निदान नमस्कार तरी करावा. शाळाप्रवेशाच्या मुलाखतीला नेतात तसं हे चाललं होतं. थांबवलं. घोकून घेतलेला शब्द तपासणीत तासभर टिकत नाही, आणि टिकला तर अडचण झाकतो.

मग मागितलं ते असं: मिनिट-दीड मिनिटाचे तुकडे, काढणाऱ्याने न बोलता. एकटा खेळताना. जेवताना. चुलतभावंडं शेजारी असताना. काही हवं असताना. चिडल्यावर, जमलं तर. आणि मागून एकदाच नावाने हाक मारतानाचा. शिवाय पहिल्या वाढदिवसाचं चित्रण. ते मुलाच्या आत्याच्या फोनमध्ये सापडलं. त्यात तो कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे बघून हसतो आणि टाटा करतो. आजी ते बघून म्हणाल्या, "दिष्ट लागली." मी काही बोलले नाही. तारखेसकट तो तुकडा वेगळा ठेवायला सांगितला.

समजण्याची एक चाचणी घरीच करून पाहायला सांगितली. घरच्यांच्या मते त्याला सगळं कळत होतं: 'चप्पल आण' म्हटलं की आणतो. पण म्हणणारी आई दाराशी उभी, पिशवी खांद्याला, मान चपलांकडे. तेच वाक्य खाली बसून, हात मांडीवर ठेवून, कुठेही न बघता म्हणायचं. तसं म्हटल्यावर तो हललाही नाही. तीनदा करून तिन्ही वेळा लिहिलं. शब्द कळत नव्हते, प्रसंग कळत होता. ही मुलाची हुशारीच आहे, पण ती शब्दांच्या खात्यावर मांडून चालत नाही.

कान

बोलणं उशिरा असलेल्या प्रत्येक मुलाचे कान आधी तपासायचे, मग ऑटिझमची शंका कितीही दाट असो. बिस्किटाच्या पुड्याचा आवाज आतल्या खोलीतून ऐकू येतो, एवढ्यावर कान चांगले ठरत नाहीत. एकाच कानाला कमी असू शकतं, काही पट्टीतले आवाज तेवढे हुकत असतील, सर्दीने पडद्यामागे पाणी साठलं असेल.

बेरा टेस्ट मिरजेत ठरली. ती झोपेत करतात. डोक्यावर आणि कानामागे पॅच चिकटवून आवाजाला मेंदूकडून येणारा प्रतिसाद मोजतात. तिची तयारी साधी, पण चुकली तर अख्खी खेप वाया. आदल्या रात्री उशिरा झोपवायचं, पहाटे उठवायचं. डोकं धुतलेलं हवं, टाळूला तेल नको. पॅच तेलावर धरत नाहीत. आजींना हे पटवणं जिभेपेक्षा अवघड गेलं. झोपेचं औषध द्यायचं की नाही ते तिथले डॉक्टर ठरवतात, म्हणून कधीपासून उपाशी ठेवायचं हे फोनवर आधीच विचारून घ्यायचं. नाक वाहत असेल तर तारीख पुढे. आणि जतहून मिरज दोन तासांहून जास्त: मूल गाडीत झोपलं की तिथे टक्क जागं. आजी आणि चुलतभाऊ सोबत गेले ते एवढ्याच कामासाठी, त्याला जागं ठेवायला. दोन्ही कान चांगले निघाले. तो कागद वहीत गेला, डिस्चार्ज कार्ड आणि माता-बाल संरक्षण कार्डाच्या शेजारी. जन्मल्यावर लगेच रडला, कावीळ म्हणून दोन दिवस निळ्या लाइटखाली, तेराव्या महिन्यात चालला. बाकी काही विशेष नाही.

एम-चॅट आम्ही वही समोर ठेवून पुन्हा भरला, तीस महिने पूर्ण व्हायच्या आत. गुण आले ११. मूल तेच होतं.

तपासणीचा दिवस

वडिलांचा बेत होता की फवारणीचे दिवस आहेत, बायका जातील, काय झालं ते संध्याकाळी सांगतील. याला मी विरोध केला, थोडा आगाऊपणा वाटला तरी. निदान ऐकून परत आलेल्या बाईला ते सगळ्या घराला एकटीने समजावावं लागतं, आणि तिथे पहिला प्रश्न येतो 'तू नीट सांगितलं नसशील'. ज्याच्या शब्दाला घरात वजन आहे त्याने डॉक्टरांच्या तोंडून ऐकावं. ते आले.

नवे कपडे घातले नाहीत. मानेला लेबल टोचलं की तो तासभर रडतो, हे वहीत होतं. सोबत नेहमीचा खाऊ, पाण्याची बाटली, कपड्यांचा जोड आणि ते डब्याचं झाकण. 'गप बस नाहीतर डॉक्टर सुई देतील' हे वाक्य घरात महिनाभर बंद होतं. शब्दांनी त्याला सांगून उपयोग नव्हता, म्हणून मिरजेच्या वेळी वडील सांगलीला जाऊन केंद्राच्या दाराचा आणि खोलीचा फोटो काढून आले होते. तोच रोज संध्याकाळी दाखवला.

तरी पहिला अर्धा तास तो रडला. मानसशास्त्रज्ञ बाईंनी घाई केली नाही. झाकण फिरवू दिलं, मग साबणाचे फुगे काढले आणि बाटली बंद करून ठेवली. त्याने बाटली उचलून त्यांच्या तळहातात दाबली, त्यांची बोटं झाकणावर नेली. तोंडाकडे पाहिलं नाही. मागून आजी म्हणाल्याच, "बाईंच्या डोळ्यांत बघ रे." पालकांना मागे बसून गप्प राहायला सांगावं लागतं, ते याचसाठी.

कार्स नावाच्या मापनात १५ बाबी असतात, गुण १५ ते ६० मध्ये येतात आणि ३० पासून पुढे ऑटिझम धरतात. याचे गुण तिसाच्या थोडे वर. रोजचं स्वतःचं काम तो कितपत करतो हे वाइनलँडच्या मापनाने पाहिलं, ज्याचं भारतीय रूप नागपूरच्या ए. जे. मालिन यांनी केलं. तिथे आजींची माहिती आईपेक्षा पक्की निघाली: ताटातलं स्वतः किती खातो, चड्डी काढतो का, कप धरतो का. शब्द गेल्याची नोंद आणि वाढदिवसाचं चित्रण डॉक्टरांनी दोनदा पाहिलं. निदान झालं: ऑटिझम, सोबत भाषेचा विलंब, समजणंही मागे, फक्त बोलणं नव्हे.

आईने वहीच्या मलपृष्ठावर तीन प्रश्न लिहून नेले होते. हा बोलेल का? डॉक्टरांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही. सहा महिन्यांनी पुन्हा बघू, तोवर थेरपी थांबवायची नाही, असं सांगितलं. कुणाच्या चुकीमुळे झालं? कुणाच्याही नाही. मी त्याच्याशी कानडी बोलू का? बोला. दोन भाषांनी ऑटिझम होत नाही, आणि आईने आपल्या भाषेत न बोलल्याने मुलाच्या वाट्याचं बोलणं तेवढं कमी होतं.

पुढची व्यवस्था अशी ठरली: आठवड्याला एकदा माझ्याकडे, महिन्याला एकदा सांगलीला ऑक्युपेशनल थेरपीसाठी, म्हणजे रोजची कामं जमवण्याच्या सरावासाठी, बाकी रोजचं घरी. अंगणवाडी सुरूच, फक्त सेविकेला 'पिल्लू' हे एकच नाव आणि मिक्सरचं प्रकरण सांगून ठेवलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, त्यामुळे पुढे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढता येईल. त्यावर राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना मिळते, वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा. प्रमाणपत्रासाठी आयएसएए हे ऑटिझमचं ४० बाबींचं भारतीय मापन लागेल. वडिलांनी कागदांची यादी वहीतच लिहून घेतली आणि झेरॉक्स कुठे मिळेल ते विचारत बाहेर गेले.